लिनक्सवर आल्यानंतर पुन्हा पुन्हा जाणारे वायफाय आणि बिघडणारे मराठी दस्तऐवज : कारणे व उपाय

यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यात आमचे टंकलेखन आणि झेरॉक्सचे लहान दुकान आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित समर्थन थांबवले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, तर आमचे दोन्ही संगणक चौथ्या पिढीच्या आय-थ्रीचे आहेत. चालू स्थितीतील यंत्रे भंगारात देणे परवडणारे नव्हते, म्हणून दिवाळीच्या सुटीत दोन्हींवर लिनक्स मिंट २२ ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली बसवली. बसवणे पाऊण तासात आटोपले. त्यानंतरचे दोन महिने मात्र एकदा दुरुस्त केलेली गोष्ट पुन्हा बिघडण्यात गेले, आणि हे टिपण त्या पुन्हा बिघडण्याविषयीच आहे.

सुरुवातीला आम्ही दर वेळी ‘काय बिघडले’ एवढेच पाहत होतो. वायफाय गेले की ड्रायव्हर (यंत्र चालवणारी आज्ञावली) नव्याने बसवायचा, छपाई थांबली की प्रिंटर काढून पुन्हा जोडायचा, असे चालले होते. मग दुकानातील खिळ्याला एक वही टांगली आणि तीत बिघाडाबरोबर ‘त्याआधी काय घडले होते’ हेही लिहू लागलो. पंधरा दिवसांच्या नोंदी एकत्र वाचल्यावर जे बिघाड एकाच प्रकारचे वाटत होते ते निरनिराळे निघाले. काही अपडेटनंतर होत होते, काही रात्रभर वीज गेल्यावर होत होते आणि काही केवळ संगणक बंद करून सुरू केल्यावर होत होते. खालील मांडणी त्याच क्रमाने केलेली नाही. ज्याने अधिक छळले त्याला अधिक जागा दिली आहे.

एक सूचना आधी करतो. टर्मिनलमधील, म्हणजे आज्ञा टंकून देण्याच्या खिडकीतील, आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. मोठे अक्षर मुद्दाम सांगितलेले नसेल, तर त्या टंकताना इंग्रजीच्या लहान अक्षरांत टंकाव्यात.

वायफायचा डोंगल जो स्वतःला डिस्क समजतो

पहिल्या संगणकाला बोटाच्या पेराएवढा यूएसबी डोंगल आहे. लिनक्स सुरू झाल्यावर वायफायचे चिन्हच दिसत नसे, मात्र डेस्कटॉपवर एका सीडीचे चित्र येई. आम्ही ते चित्र आठवडाभर पाहत होतो आणि त्याचा वायफायशी काही संबंध असेल अशी शंकाही आली नाही.

असे डोंगल दुहेरी रूपाचे असतात. विंडोजचा ड्रायव्हर वेगळ्या सीडीत द्यावा लागू नये म्हणून तो डोंगलच्याच स्मृतीत भरलेला असतो, आणि यंत्र प्रथम सीडी ड्राइव्ह म्हणून पुढे येते. ड्रायव्हर बसला की तोच ड्रायव्हर डोंगलला रूप पालटण्याचा संकेत देतो. सिमकार्ड घालून वापरायच्या जुन्या डेटाकार्डांपैकी पुष्कळांची रचनाही अशीच आहे. लिनक्समध्ये हा संकेत कोणी दिला नाही, तर डोंगल सीडी होऊनच बसून राहतो.

ओळखण्यासाठी टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या प्रत्येक यूएसबी वस्तूचा ओळखक्रमांक दिसतो. रिअलटेक चिपच्या अशा डोंगलचा क्रमांक सीडीच्या रूपात ‘०बीडीए : १ए२बी’ असा असतो. हा क्रमांक दिसला, तर ड्रायव्हर शोधत बसू नये. डेस्कटॉपवरील त्या सीडीच्या चित्रावर उजवी कळ दाबून ‘इजेक्ट’ निवडावे आणि दहा सेकंद थांबावे. आमच्याकडे चित्र नाहीसे झाले, डोंगलवरचा निळा दिवा लुकलुकू लागला आणि वायफायची यादी समोर आली. पुन्हा ‘एलएसयूएसबी’ दिल्यावर ओळखक्रमांकही बदललेला दिसला. रिअलटेकच्या ८८११सीयू आणि ८८२१सीयू या चिपचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, ६.२ या आवृत्तीपासून समाविष्ट आहे आणि मिंट २२ मध्ये ६.८ कर्नल येतो, त्यामुळे वेगळे काही बसवावे लागले नाही.

इजेक्टचा हा उपाय संगणक बंद होईपर्यंतच टिकतो. कायमस्वरूपी उपायासाठी ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज बसलेले असल्याची खात्री करावी आणि यूडेव्हच्या (जोडलेल्या वस्तूंची दखल घेणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमांच्या फोल्डरमध्ये, म्हणजे ‘ईटीसी’मधील ‘यूडेव्ह’मधील ‘रूल्स डॉट डी’मध्ये, एका ओळीची फाइल ठेवावी. या ओळीचा आशय एवढाच असतो, की वरील ओळखक्रमांकाची वस्तू जोडली गेली की यूएसबी-मोडस्विचला तोच क्रमांक देऊन चालवावे आणि सीडी बाहेर काढण्याचा प्रमाण संकेत पाठवावा. या संकेताचा पर्याय इंग्रजी मोठ्या ‘के’ अक्षराने दिला जातो; लहान ‘के’ लिहिल्यास काम होत नाही. आमची एक दुपार त्यातच गेली.

नवा ड्रायव्हर उतरवायलाच इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा, अशी कोंडी झाली, तर अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडून त्याच्या सेटिंगमधील ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्स त्याला तारेचे नेटवर्क समजते आणि त्यासाठी काहीही बसवावे लागत नाही. केबल मात्र केवळ चार्जिंगची नसावी. मोबाइललाही रेंज नसेल, तर ज्या पेनड्राइव्हवरून मिंट बसवले तो लावून ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडावा. ब्रॉडकॉमच्या वायफायचे ड्रायव्हर त्या पेनड्राइव्हवर असतात आणि ते इंटरनेटशिवाय बसतात.

अपडेटनंतर जाणारे वायफाय

दुसऱ्या संगणकाच्या वायफाय अडॅप्टरमध्ये रिअलटेकची ८८१२एयू ही चिप आहे. तिचा ड्रायव्हर ६.८ कर्नलमध्ये नाही. इंटरनेटवरून मूळ संहिता (सोर्स कोड) आणून, ती संगणकावर बांधून (कंपाइल करून) आम्ही तो बसवला. वायफाय उत्तम चालले. बाराव्या दिवशी अपडेट झाले, संगणक पुन्हा सुरू केला आणि वायफाय गेले. पुन्हा संहिता बांधली, पुन्हा चालले, पुढच्या अपडेटला पुन्हा गेले.

कारण सरळ आहे. असा ड्रायव्हर ज्या कर्नलसाठी बांधला जातो त्या एकाच कर्नलला लागू पडतो. अपडेटमधून नवा कर्नल आला की जुना ड्रायव्हर जुन्या कर्नलच्या फोल्डरमध्येच राहतो. शंका असेल तर संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप कळ दाबून सुरुवातीची यादी उघडावी, ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन मागचा कर्नल निवडावा. जुन्या कर्नलवर वायफाय चालत असेल, तर निदान पक्के झाले.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे ड्रायव्हर डीकेएमएस या व्यवस्थेमार्फत बसवणे. मग प्रत्येक नव्या कर्नलबरोबर ड्रायव्हर आपोआप नव्याने बांधला जातो, मात्र त्यासाठी कर्नलची ‘हेडर्स’ पॅकेजेही बसलेली असावी लागतात. दुसरा उपाय मला अधिक पसंत आहे. ८८१२एयूचा ड्रायव्हर ६.१४ कर्नलपासून कर्नलमध्येच आला आहे. मिंटच्या ‘अपडेट मॅनेजर’मध्ये ‘व्ह्यू’ आणि त्यात ‘लिनक्स कर्नल्स’ अशी जागा आहे, तेथून ६.१४ किंवा त्यापुढचा कर्नल बसवला की हाताने बांधलेल्या ड्रायव्हरची गरजच उरत नाही. ज्याची राखण आपल्याला करावी लागत नाही तो ड्रायव्हर चांगला.

रात्रभर वीज गेल्यानंतर जाणारे वायफाय

आम्ही तो कर्नल लगेच बदलला नाही, डीकेएमएसवर भागवले. त्यानंतर वहीत वेगळ्याच नोंदी येऊ लागल्या. अपडेट झालेले नसतानाही वायफाय जाई, आणि तेही सकाळीच. तिसऱ्या नोंदीनंतर लक्षात आले, की त्या तिन्ही सकाळींच्या आदल्या रात्री वीज गेली होती किंवा सुटीमुळे दुकानाचा मेन स्विच बंद होता. दिवसा अर्धा तास वीज गेली तर काही होत नसे.

‘डीमेसेज’ (अक्षरे डी, एम, ई, एस, जी) या आज्ञेने कर्नलच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा सही नसलेला ड्रायव्हर नाकारला गेल्याचा उल्लेख आढळला. ‘मोकयूटिल’ (अक्षरे एम, ओ, के, यू, टी, आय, एल) या आज्ञेपुढे दोन आडव्या रेघा देऊन ‘एसबी-स्टेट’ लिहिले असता ‘सिक्युअर बूट एनेबल्ड’ असे उत्तर आले. सिक्युअर बूट म्हणजे सही नसलेली आज्ञावली चालू न देणारी सोय. मी स्वतः बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ मांडणीत) जाऊन ती बंद केली होती, आणि ती पुन्हा सुरू झालेली होती.

बायोस उघडल्यावर उलगडा झाला. तेथील तारीख कित्येक वर्षे मागची होती. मदरबोर्डवरील सीआर-२०३२ हा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल संपला होता. संगणकाला भिंतीतून वीज मिळते तोवर सेलची उणीव जाणवत नाही. दिवसाच्या अर्ध्या तासात आमचा यूपीएस निभावून नेई. रात्री मात्र यूपीएसही संपे, घड्याळ शून्यावर येई, आणि काही मदरबोर्ड अशा वेळी सर्व मांडणी कारखान्यातील मूळ स्थितीवर नेतात. त्या मूळ स्थितीत सिक्युअर बूट सुरू असते, आणि सिक्युअर बूट सुरू असले की आमचा सही नसलेला ड्रायव्हर दाराबाहेर राही. म्हणजे वायफायचा बिघाड घड्याळाच्या सेलमध्ये होता. तालुक्याच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानातून सेल आणून बसवला. ज्या ड्रायव्हरवर आम्ही आठ तास घालवले होते त्याला हात लावावा लागला नाही.

सिक्युअर बूट बंद करण्याऐवजी ड्रायव्हरची सही नोंदवून घेणे हा अधिक योग्य मार्ग आहे. डीकेएमएस ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे ‘एन्रोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. हा पडदा काही सेकंदच थांबतो. त्या वेळी समोर नसाल, तर संगणक पुढे निघून जातो आणि ड्रायव्हर नाकारला जातो.

वायफाय जात नाही, परंतु काही मिनिटांनी मंद होते किंवा तुटते, असे असेल तर वीज वाचवण्याची सोय बंद करून पाहावी. नेटवर्क मॅनेजरच्या ‘कॉन्फ डॉट डी’ या फोल्डरमध्ये ‘वायफाय पॉवरसेव्ह’ची फाइल असते, तीत ३ च्या जागी २ लिहावे.

छापील प्रत

प्रिंटरविषयी थोडक्यात लिहितो, कारण कारणे दोनच निघाली.

छपाई व्यवस्थेला प्रिंटर सापडला नाही, की ती रांग थांबवून ठेवते, आणि वीज परत आल्यावर ती रांग आपोआप सुरू होईलच असे नाही. प्रिंटरच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘एनेबल्ड’वरची खूण गेली आहे का ते पाहावे. ‘प्रॉपर्टीज’मधील ‘पॉलिसीज’ या भागात ‘एरर पॉलिसी’ असते. तेथे प्रिंटर थांबवण्याऐवजी काम पुन्हा करून पाहण्याचा पर्याय निवडला, की दर वेळी खूण करावी लागत नाही.

दुसरे कारण लहान लेझर प्रिंटरांच्या रचनेत आहे. एचपी लेझरजेट १०१८ आणि १०२० या प्रकारच्या प्रिंटरांत स्वतःचे फर्मवेअर (प्रिंटरच्या आतली आज्ञावली) कायम साठवलेले नसते. प्रिंटर सुरू झाला की संगणकाने ते त्याच्याकडे पाठवायचे असते. वीज गेली की प्रिंटर सगळे विसरतो. लिनक्समध्ये हे काम एचपीएलआयपी हे एचपी प्रिंटरांसाठीचे सॉफ्टवेअर आणि त्याचे प्लगिन (जोडभाग) करते. प्लगिनची आवृत्ती एचपीएलआयपीच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते, त्यामुळे अपडेटनंतर ‘एचपी-प्लगिन’ ही आज्ञा एकदा पुन्हा द्यावी लागते. वीज आल्यावर प्रिंटर मुका राहिला, तर ‘एचपी-फर्मवेअर’ ही आज्ञा द्यावी. प्रिंटर घरघरला, म्हणजे फर्मवेअर पोहोचले.

मराठी दस्तऐवज

येथे मात्र सविस्तर लिहावे लागेल. पहिल्याच आठवड्यात विहिरीच्या अनुदानाचा एक जुना अर्ज पेनड्राइव्हवरून उघडून छापला, तर कागदावर इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची रांगोळी उमटली. समोरचे आजोबा कागद उलटसुलट करून म्हणाले, “भाऊ, हे काय छापलं जी? माहा अर्ज तं मराठीत होता.”

अर्ज मराठीत होता, हे अर्धेच खरे होते. कृतिदेव, शिवाजी, डीव्हीबी सुरेख यांसारखे जुने फाँट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी किंवा इतर रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठवलेली असतात. फाँट केवळ त्या अक्षरांवर देवनागरीची चित्रे चढवतो. कृतिदेवमध्ये इंग्रजी ‘डी’च्या जागी ‘क’चे चित्र आहे. फाँट नसला की चित्र जाते आणि ‘डी’ उघडा पडतो. फाइल बिघडलेली नसते, हे प्रथम ध्यानात घ्यावे, आणि घाबरून ती पुन्हा सेव्ह करू नये.

लिब्रे ऑफिसमध्ये निदान सोपे आहे. मजकुरात कर्सर ठेवून वरच्या फाँटच्या चौकटीकडे पाहावे. नाव तिरक्या अक्षरांत दिसत असेल, तर तो फाँट संगणकावर नाही आणि त्याच्या जागी दुसरा वापरला जात आहे. आपल्याकडे रीतसर असलेला फाँट आपल्या होम फोल्डरमधील ‘डॉट लोकल’, त्यातील ‘शेअर’, त्यातील ‘फाँट्स’ या जागी ठेवावा, ‘एफसी-कॅश’ (कॅशची अक्षरे सी, ए, सी, एच, ई) ही आज्ञा द्यावी आणि लिब्रे ऑफिस बंद करून पुन्हा उघडावे. ही जागा एकाच वापरकर्त्यापुरती असते. आमच्याकडे मुलगा त्याच्या नावाने लॉगिन करी आणि मी माझ्या, त्यामुळे ‘काल दिसत होते, आज दिसत नाही’ ही तक्रार महिनाभर चालली. दोघांसाठी फाँट हवा असेल, तर तो ‘यूएसआर’मधील ‘शेअर’मधील ‘फाँट्स’मध्ये, प्रशासकाच्या अधिकाराने ठेवावा.

फाँट बसवून जुनी फाइल वाचता येते, पण ती युनिकोड होत नाही. नव्याने वापरायचा मसुदा युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा आणि मूळ फाइल तशीच जपावी. रूपांतरानंतर तीन जागा डोळ्यांनी तपासाव्यात. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे जोडाक्षरावरची वेलांटी सरकते. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो आणि युनिकोडमध्ये आधी, त्यामुळे ‘अर्ज’, ‘वर्ष’, ‘कर्ज’ हे शब्द पाहावेत. तिसरी जागा ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची. यातील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एक नुक्ता (खालचे टिंब) असलेल्या ‘ऱ’पासून, दुसरा साध्या ‘र’ला हलंत आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, परंतु एकाने शोधल्यास दुसरा सापडत नाही. विदर्भातील कोणत्याही अर्जात हा शब्द दर दुसऱ्या ओळीत असतो, म्हणून संपूर्ण फाइलमध्ये एकच प्रकार ‘फाइंड अँड रिप्लेस’ने करून घ्यावा.

युनिकोड फाइलची अडचण निराळी असते. मजकूर वाचता येतो, पण दोन पानांचा ठराव अडीच पानांचा होतो आणि सहीची जागा पुढच्या पानावर जाते. मंगल, कोकिळा, अपराजिता हे फाँट विंडोजबरोबर येतात; लिनक्समध्ये त्यांच्या जागी लोहित किंवा नोटो येतो आणि त्यांची रुंदी व ओळींमधील अंतर वेगळे असते. इंग्रजी मजकुराला ही अडचण कमी येते, कारण कॅलिब्रीच्या मापाचा कार्लिटो, कॅम्ब्रियाच्या मापाचा कॅलाडिया आणि टाइम्सच्या मापाचा लिबरेशन सेरिफ उपलब्ध आहेत. मंगलच्या मापाचा तसा जोडीदार आम्हाला मिळाला नाही. म्हणून ज्यांच्याशी फाइलींची नित्य देवाणघेवाण असते त्यांच्या विंडोज संगणकावर आम्ही मुक्त परवान्याचा मुक्ता हा फाँट बसवून दिला आणि आमच्याकडेही तोच ठेवला. ज्या फाइलीत पुढे बदल होणार नाही ती पीडीएफ करूनच पाठवावी. पीडीएफमध्ये फाँट आतच बसवलेला असतो.

लिब्रे ऑफिसमध्ये देवनागरीचा फाँट आणि आकार इंग्रजीपेक्षा वेगळा नोंदवला जातो. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘रायटर’ येथे ‘बेसिक फाँट्स, सीटीएल’ असा भाग आहे. तो दिसत नसेल, तर भाषेच्या मांडणीत ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ सुरू करून भाषा मराठी निवडावी. हे एकदा केले नाही, तर प्रत्येक नवी फाइल पुन्हा जुन्याच फाँटने सुरू होते आणि आपण दर वेळी तो बदलत बसतो.

उघडणारा, पण लिहू न देणारा डी ड्राइव्ह

पहिल्या संगणकावर आम्ही काही महिने विंडोजही ठेवले होते आणि सर्व फाइली डी ड्राइव्हवर होत्या. लिनक्समधून ड्राइव्ह कधी नीट उघडे, तर कधी केवळ वाचण्यापुरते. वहीने येथेही मदत केली: विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आलो तर अडचण नसे, ‘शटडाऊन’ करून आलो तर असे. विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शटडाऊन हा पूर्ण शटडाऊन नसतो, विंडोज अर्धे निजते आणि ड्राइव्ह आपल्या ताब्यात असल्याची खूण ठेवते. लिनक्स ती खूण पाहून लिहिण्यास नकार देते, आणि ते योग्यच आहे. विंडोजच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये फास्ट स्टार्टअप बंद केले की हे थांबते.

वीज अचानक गेल्यानंतर ड्राइव्ह उघडत नसेल, तर विंडोजमध्ये जाऊन ‘चेकडिस्क’ चालवावे. लिनक्समधील ‘एनटीएफएसफिक्स’ ही आज्ञा अडवणारी खूण काढू शकते, परंतु ती चेकडिस्कची जागा घेत नाही. आधी फाइलींची प्रत काढून मगच ती वापरावी. आम्ही शेवटी सर्व दस्तऐवज लिनक्सच्या स्वतःच्या विभागात हलवले.

आमच्याकडे एक काम अजून लिनक्सवर आलेले नाही. पेजमेकरमधील जुन्या लग्नपत्रिका लिब्रे ऑफिस ड्रॉमध्ये उघडतात, पण जुन्या फाँटमधील नावे आणि वेलबुट्टीची चौकट एकमेकांवर चढते. तुळशीच्या लग्नानंतर त्या फाइलींना मागणी येते, आणि त्या वेळी पुन्हा मांडणी करण्यास सवड नसते. त्यासाठी एक तिसरा, जुना विंडोजचा संगणक कोपऱ्यात ठेवला आहे. त्याला इंटरनेट जोडलेले नाही आणि त्यातील पत्रिका पीडीएफ होऊन पेनड्राइव्हवरूनच बाहेर येते.